मुंगेरीलाल हा वाईट शब्द आहे का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. विशेषणे शिकवत होतो. खिडकीशेजारच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ बाहेर बघत बसला होता. दोनदा नाव घेतले तरी त्याचे लक्ष नाही. तिसऱ्या वेळी आमच्या तोंडून सहज निघून गेले, "काय मुंगेरीलाल, कुठवर पोहोचलात?"

वर्ग हसला. पण हसण्याआधी क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मुंगेरीलाल कोण, हे एकालाही ठाऊक नव्हते. सर टिंगल करीत आहेत एवढेच त्यांना कळले आणि तेवढे त्यांना पुरले. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाचे नाव 'मुंगेरी' पडले होते. चार-सहा दिवसांत त्याने वर्गात हात वर करणे बंद केले. खरे सांगायचे तर हे आमच्या लक्षातही आले नाही.

लक्षात आणून दिले त्याच्या वालिदांनी. एके दिवशी शाळा सुटताना त्या दरवाजाशी उभ्या होत्या. "सर, एक विचारू का?" आम्ही म्हटले, "विचारा ना, आपा." त्या म्हणाल्या, "मुंगेरी म्हणजे काय हो? वाईट शब्द आहे का? मुलगा रात्री विचारत होता. त्याच्या अब्बांनाही माहीत नाही."

त्या बिचाऱ्या तक्रार करायला आल्या नव्हत्या. मुलाचे काहीतरी चुकले असणार असे धरूनच आल्या होत्या. आम्हाला मात्र तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. "वाईट शब्द नाही, जुन्या मालिकेतले नाव आहे," एवढे म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मनाला लागून राहिले. ज्या माणसावर आम्ही लहानपणी इतके प्रेम केले, त्याचे नाव आम्ही एका मुलाला दगडासारखे मारले होते. त्या आपांना जे उत्तर द्यायला हवे होते, ते आता सविस्तर लिहीत आहोत.

कुवेतहून आलेला टीव्ही

सन १९८९. आम्ही प्राथमिक शाळेत होतो. रत्नागिरीत तेव्हा रेल्वे नव्हती, मुंबईला जायचे म्हणजे रात्रीची एसटी. मोहल्ल्यात टीव्ही मोजक्याच घरांत, आणि त्यातला रंगीत टीव्ही ज्या घरात, त्या घरातला कोणीतरी आखातात असायचाच. आमचे चाचा कुवेतला होते. सुट्टीवर येताना त्यांनी जाड दोरीने बांधलेल्या खोक्यातून रंगीत टीव्ही आणला. त्याबरोबर घोंगडीएवढे जाड ब्लँकेट, टॅंगचा डबा आणि दादीसाठी तसबीह.

टीव्ही घरात ठेवावा की नाही यावर वाद झालाच. दादांचे म्हणणे, ही वस्तू घरात आली की नमाजची वेळ निघून जाते. शेवटी तह झाला. मगरिबची अजान झाली की टीव्ही बंद, इशाच्या आधी अभ्यास, आणि मालिका कोणती बघायची ते अम्मी ठरवणार. टीव्हीवर दादीने स्वतः भरतकाम केलेला रुमाल टाकला होता. बघून झाले की रुमाल खाली ओढला जाई.

वाहिनी एकच, दूरदर्शन. कौलांवर चढवलेला अँटेना वाऱ्याने फिरायचा. पावसात तर रोजचेच. एक जण वर, एक अंगणात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं आलं, हात काढू नको!" हात काढला की चित्र जाई. या कसरतीत आम्ही 'रामायण' पाहिले, 'महाभारत' पाहिले, आणि 'महाभारत'चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले आहेत हे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. गुलजारांची 'मिर्झा गालिब' पाहिली, तेव्हा आधी टीव्हीला विरोध करणारे दादाच सर्वांत पुढे बसले होते.

आणि मग आला 'मुंगेरीलाल के हसीन सपने'.

साधा कारकून, मोठी स्वप्ने

मालिकेची गोष्ट एका ओळीत सांगता येते. मुंगेरीलाल हा कचेरीतला साधा कारकून. घरात बायकोपुढे चालत नाही, कचेरीत साहेबापुढे चालत नाही. मग तो जागेपणी स्वप्ने बघतो. स्वप्नात तो कधी धाडसी, कधी श्रीमंत, कधी असा देखणा की सगळे त्याच्या मागे. स्वप्न ऐन रंगात आले की कोणीतरी हाक मारते, आणि मुंगेरीलाल धाडकन परत आपल्या टेबलावर.

मुंगेरीलाल झाले होते रघुवीर यादव. बारीक अंगकाठी, भाबडे डोळे. तो स्वप्नात शिरतो आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचे. आमच्या दादीला हिंदी नीट समजत नसे, पण नजर हलली की ती म्हणायची, "गेला बघ!" आणि आम्ही सगळे सावरून बसायचो.

दिग्दर्शक होते प्रकाश झा. बिहारच्या वेठबिगारीवर 'दामुल' हा सिनेमा त्यांनी आधी काढला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. इतक्या गंभीर विषयाचा माणूस विनोदी मालिका काढतो याचे तेव्हा आम्हाला काही वाटले नाही. आज वाटते की दोन्हींमध्ये पिचलेला माणूसच होता. 'दामुल'मध्ये तो रडवतो, इथे हसवतो. लेखक होते मनोहर श्याम जोशी. 'हम लोग' आणि 'बुनियाद' त्यांचीच. घराघरातली माणसे बोलतात कशी, गप्प कुठे होतात, हे त्यांच्याइतके फार थोड्या मालिका-लेखकांना कळले.

या मालिकेत अद्भुत होते, पण जिन नव्हते, उडता गालिचा नव्हता. अद्भुत होते ते त्याच टेबलाभोवती, त्याच माणसांत. जो साहेब आत्ता फाईल आपटून गेला, तोच स्वप्नात हात जोडून उभा. जी बायको भाजीच्या पिशवीवरून बोलली, तीच स्वप्नात कौतुकाने बघते आहे. माणसाला परक्या देशाचे राज्य नको असते. आपल्याच घरात आणि आपल्याच कचेरीत कोणी दोन शब्द आदराने बोलावे, एवढेच त्याचे मोठ्यात मोठे स्वप्न असते. आम्हाला हे तेव्हा कळत नव्हते. चाचा मात्र सुट्टीवर असताना ही मालिका बघून कधी कधी हसता हसता गप्प होत. कुवेतमध्ये ते कोणाच्या तरी कचेरीत चहा देत आणि फाईली उचलत, हे आम्हाला फार उशिरा समजले. घरी आम्ही त्यांना 'ऑफिसात आहेत' असे सांगायचो. ते खोटेही नव्हते.

दूरदर्शन त्या काळी पुष्कळ मालिकांना तेरा भागांची मुदत देई. मुंगेरीलालही थोड्याच महिन्यांत निघून गेला. पण नाव राहिले. आजही निवडणूक आली की एक पुढारी दुसऱ्याला 'मुंगेरीलाल' म्हणतो, आणि ज्यांनी मालिकेचा एक भागही पाहिलेला नाही त्यांनाही अर्थ कळतो.

शेख चिल्लीचा नातेवाईक

मनोहर श्याम जोशींच्या मुंगेरीलालचे मूळ अमेरिकन लेखक जेम्स थर्बर यांच्या वॉल्टर मिटीत सांगतात. ही छोटीशी कथा १९३९ मध्ये छापून आली. मिटी बायकोला मोटारीतून बाजारात घेऊन निघाला आहे. वाटेत तो मनातल्या मनात नौदलाचा कप्तान होतो, नामांकित सर्जन होतो, वैमानिक होतो. प्रत्यक्षात त्याला आठवणीने आणायचे आहेत बुटांवरचे रबरी जोडे आणि कुत्र्याची बिस्किटे.

पण उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या घरात शेख चिल्ली आहेच. डोक्यावर तेलाचे मडके, मजुरीचे दोन पैसे मिळणार. त्या पैशांची कोंबडी, कोंबडीची बकरी, बकरीची गाय, मग लग्न, मग मुले. मुले पैसे मागतात, शेख चिल्ली 'नाही' म्हणून मान हलवतो आणि मडके खाली. हीच गोष्ट 'अलिफ लैला'त न्हाव्याच्या पाचव्या भावाची. काचेच्या सामानाची टोपली पुढे ठेवून तो वजिराच्या मुलीशी लग्नाचे मनोरे रचतो आणि ऐटीत लाथ मारतो ती टोपलीलाच. 'कलीला व दिम्ना'त एका फकिराच्या डोक्यावर मध-तुपाचे भांडे फुटते. 'पंचतंत्रा'त सातूच्या पिठाचे मडके फुटते.

ही सगळी एकाच घराण्यातली माणसे. 'पंचतंत्रा'तल्या गोष्टी सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी त्या अरबीत आणल्या आणि तिथून त्या युरोपात पोहोचल्या. फ्रान्समध्ये ला फोंतेनने दुधाची घागर डोक्यावर घेतलेल्या बाईची गोष्ट लिहिली, ती याच वाटेवरची. हिंदुस्थानातले मडके बगदादवरून पॅरिसला गेले आणि प्रत्येक गावी फुटले.

फक्त एक फरक आहे, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जुन्या गोष्टींत स्वप्न बघणाऱ्याचे नुकसान होते आणि आपण म्हणतो, बरी खोड मोडली. मुंगेरीलालचे मडके फुटत नाही, कारण त्याच्या हातात मडकेच नाही. तो फक्त परत टेबलावर येतो आणि उरलेले काम करू लागतो. आपण त्याला हसतो, पण 'बरे झाले' असे म्हणत नाही.

पुढच्याच सुमारास रघुवीर यादव दूरदर्शनवर मुल्ला नसिरुद्दीनही झाले. ती मालिका अमाल अल्लाना यांची. आमच्या घरात तिचेही स्वागत झाले. दादा म्हणायचे, मुंगेरीलालला जग वेडा समजते आणि तो असतो साधा. मुल्लाला जग वेडा समजते आणि तो असतो शहाणा. एकच नट दोन्ही करतो, म्हणजे दोघांत फार अंतर नसावे.

कुवेत तुटले तेव्हा

ऑगस्ट १९९० मध्ये इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. कोकणातल्या किती मोहल्ल्यांत त्या रात्री चूल पेटली नसेल ते अल्लाहच जाणे. टेलिफोन बंद, पत्र नाही. ज्या टीव्हीवर आम्ही मुंगेरीलाल बघत होतो, त्याच टीव्हीपुढे आता अम्मी आणि चाची बातम्यांची वाट बघत बसत. मगरिबनंतर टीव्ही बंद हा नियम दादांनी स्वतःच मोडला.

भारत सरकारने तेव्हा कुवेत आणि इराकमध्ये अडकलेल्या १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणले. बहुतेकांना आधी जॉर्डनमधील अम्मान गाठावे लागले. आमचे चाचाही त्याच वाटेने आले. मुंबईहून एसटीने सकाळी रत्नागिरीत उतरले, तेव्हा हातात एक पिशवी होती. खोके नव्हते, दोरी नव्हती. दादीने पिशवीकडे बघितलेही नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली.

चार-पाच दिवसांनी चाचा हसून म्हणाले, "मुंगेरीलाल जागा झाला." कोणी हसले नाही. चाची आत निघून गेली.

चाचांचे स्वप्न मोठे नव्हते. कौलांच्या जागी स्लॅब, दोन बहिणींची लग्ने, अब्बांना हज. त्यातले काही पुरे झाले, काही राहिले. पुढे त्यांनी घराच्या पडवीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे काम सुरू केले. आखातातून आलेले टीव्ही बिघडायला लागलेच होते. इतरांच्या स्वप्नांची दुरुस्ती करतो, असे ते म्हणायचे. आता ते मरहूम आहेत. तो रंगीत टीव्ही त्यांनी पंधरा वर्षे चालता ठेवला.

आणि एक गोष्ट आम्हाला अलीकडेच सुचली. मालिका मुंगेरीलालच्या डोक्यातून दिसायची. त्याच्या बायकोला काय स्वप्ने पडत असतील, हे आम्ही तेव्हा कधी विचारले नाही. आमच्या चाचीनेही काही स्वप्न पाहिले असेलच. नवरा दोन-दोन वर्षे दूर, पत्र महिन्याने. एकदा तिला विचारले. म्हणाली, "मला काय स्वप्न? तुझे चाचा जेवायला घरी आहेत आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करत आहेत, असं वाटायचं." ते स्वप्न कुवेत तुटल्यावर पुरे झाले. कोणत्या दुःखातून कोणाचे कोणते स्वप्न पुरे होईल, सांगता येत नाही.

स्वप्नातली रेल्वे

मुंगेरीलाल टीव्हीवर होता त्याच दिवसांत रत्नागिरीत आणखी एका स्वप्नाची टिंगल चालायची. कोकण रेल्वे! बंदरावर, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर कोणी म्हटले की 'आता रेल्वे येणार', तर दुसरा म्हणायचा, "हो, मुंगेरीलाल, तिकीट काढून ठेव."

टिंगल करणाऱ्यांचा तरी काय दोष? त्यांच्या बापांनीही हेच ऐकले होते. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेसाठी आयुष्य घालवले. बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर प्रा. मधू दंडवते यांनी संसदेत हा विषय लावून धरला. कागदावर रेल्वे पुष्कळदा आली. सह्याद्रीचे कडे, लाल माती, पावसात खचणाऱ्या दरडी आणि पावलोपावली खाड्या बघून प्रत्येक वेळी ती परत गेली.

सन १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री होते, ई. श्रीधरन यांच्याकडे काम आले. पुढे आठ वर्षे काय झाले ते आमच्या पिढीने डोळ्यांनी बघितले. नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. आपल्या तालुक्यातला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. हे काम करताना कितीतरी मजूर दगावले. त्यांच्यासाठी रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक आहे. गाडी पकडायच्या घाईत आपण तिकडे बघत नाही, पण एकदा मुलांना तिथे जरूर न्यावे.

तर मग हे मुंगेरीलालचे स्वप्न होते की नव्हते? सुरुवातीला होतेच. वालावलकरांच्या डोळ्यांत ती गाडी धावत होती तेव्हा जमिनीवर एक रूळही नव्हता. नंतर त्या स्वप्नाला मोजणी मिळाली, पैसा मिळाला, फावडी मिळाली, आणि घाम गाळणारी माणसे मिळाली. स्वप्न तेच राहिले, हात लागले म्हणून ते रूळावर आले.

आपल्या दीनमध्येही हाच समतोल आहे. संपूच नयेत अशा लांबलचक आशा, ज्यांना उर्दूत 'तूल-ए-अमल' म्हणतात, त्यांपासून आपल्याला सावध केले आहे. आणि उंट मोकळा सोडून तवक्कुल करू नका, आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हुजूर (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण दुआ मागणारा माणूस काय करतो? जे आज नाही ते उद्या मिळावे, असे हात पसरून म्हणतो. ज्याला आपले उद्याचे चित्र डोळ्यांपुढे आणताच येत नाही, तो दुआ तरी कशाची मागणार?

खरे मुंगेरीलाल

थोडे विषयांतर करतो, पण ते सांगायला हवे. मुंगेरीलाल नावाची एक खरी व्यक्ती बिहारच्या सार्वजनिक जीवनात होऊन गेली. मागासवर्गीयांची स्थिती तपासण्यासाठी बिहार सरकारने १९७१ मध्ये नेमलेला आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली होता, म्हणून तो मुंगेरीलाल आयोग म्हणून ओळखला जातो. त्याचा अहवाल १९७६ मध्ये आला आणि १९७८ मध्ये मुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी त्या आधारे आरक्षण लागू केले. त्या यादीत मुसलमानांमधील मागास बिरादऱ्याही होत्या.

म्हणजे ज्या नावाचा आपण 'रिकामी स्वप्ने बघणारा' असा अर्थ करून ठेवला आहे, त्याच नावाच्या अहवालाने पुष्कळ गरिबांच्या मुलांना कॉलेजचा आणि नोकरीचा दरवाजा दाखवला. नावे अशी गंमत करतात. आम्ही शिक्षक लोक मुलांना नावे ठेवताना हे लक्षात ठेवत नाही.

वर्गात पुन्हा एकदा

त्या आपा भेटून गेल्यावर आठ दिवसांनी आम्ही सातवीच्या वर्गावर धडा बाजूला ठेवला. म्हटले, आज मुंगेरीलालची गोष्ट सांगतो. रघुवीर यादवांचा फोटो मोबाईलवर दाखवला, तर वर्ग ओरडला, "हे तर पंचायतचे प्रधानजी!" म्हणजे मुलांना तो माणूस चांगलाच ठाऊक होता, फक्त त्याचे जुने नाव ठाऊक नव्हते.

मग सगळे सांगितले. अँटेना सांगितला, चाचा सांगितले, शेख चिल्ली सांगितला, करबुड्याचा बोगदा सांगितला. आणि शेवटी सांगितले की त्या दिवशी आम्ही जे बोललो ते टिंगलीच्या सुरात बोललो, ते चुकले. वर्गासमोर बोललो होतो, म्हणून माफीही वर्गासमोरच मागतो. मुले गप्प झाली. सर माफी मागतात याची त्यांना सवय नसते. तो दोष मुलांचा नाही.

त्यानंतर सगळ्यांना वहीच्या एका पानावर आपापले 'हसीन सपना' लिहायला सांगितले. पानाच्या खाली रेघ मारायची आणि रेघेखाली लिहायचे, यासाठी उद्या मी काय करणार.

रेघेच्या वर काय काय निघाले! एकाला क्रिकेटर व्हायचे होते, तिघांना यूट्यूबर. एका मुलीला नर्स व्हायचे होते, कारण तिच्या नानीला इंजेक्शन देणारी नर्स हळू हाताची होती. एकाला दुबईत टॅक्सी चालवायची होती. रेघेच्या खाली मात्र बहुतेक पाने कोरी. हे आम्हाला फार बोलके वाटले. आजच्या मुलांकडे स्वप्नांची कमतरता नाही. मोबाईलवर दर अर्ध्या मिनिटाला नवे स्वप्न येते, कोणाची गाडी, कोणाचे घर, कोणाची सहल. पण ती स्वप्ने दुसऱ्याने तयार केलेली असतात. आणि मुंगेरीलालला निदान कोणीतरी हाक मारून जागे करायचे. मोबाईलमध्ये गुंतलेल्या मुलाला हाक कोण मारणार? घरातले मोठेच आपापल्या मोबाईलमध्ये असतात. आमच्या दादांचा तह आज पुन्हा आठवतो. टीव्ही वाईट म्हणून तो तह झाला नव्हता. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून जागे व्हावे, म्हणून झाला होता. घरोघरी असा काही तह आजही करता येईल. मगरिबपासून इशापर्यंत सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत, अब्बांचाही. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

शेवटी त्या मुलाची वही हातात आली. रेघेच्या वर एकच ओळ होती. रेघेच्या खाली चित्र होते, एक पुली, त्यावरून गेलेला दोर आणि खाली विटांची पाटी. आम्ही त्याला जवळ बोलावून विचारले, "हे काय रे?"

तो हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी मी स्वप्न बघत नव्हतो. समोर बिल्डिंगचं काम चाललंय ना, तिथला दोर सारखा अडकत होता. का अडकतो ते बघत होतो."

"मग कळलं का?"

"हो. चाक वाकडं बसवलंय. तिथल्या काकांना सांगितलं सुट्टीत. त्यांनी सरळ केलं."

खिडकीतून बघितले तर विटा वर जात होत्या. दोर अडकत नव्हता.

रेघेच्या वरची ओळ होती, 'मला मशीन दुरुस्त करणारा मोठा माणूस व्हायचे आहे.' आम्हाला पडवीत बसलेले चाचा आठवले. त्याच्या वालिदांना निरोप पाठवला की सवडीने एकदा शाळेत येऊन जा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. त्या आल्या. आम्ही ती वही त्यांच्यापुढे ठेवली.

मुंगेरीलाल हा वाईट शब्द नाही, आपा. तो कसा उच्चारला जातो यावर सगळे आहे. आम्ही तो वाईट उच्चारला होता. अल्लाहतआला आपल्या मुलांची स्वप्ने सलामत ठेवो, त्यांच्या हातांना त्यासाठी काम देवो, आणि आम्हा शिक्षकांना आधी खिडकीबाहेर बघण्याची आणि मग बोलण्याची समज देवो. आमीन.